फाटकाच्या आतली माणसे

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या कार्यकर्त्या भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



चिटणीससाहेबांनी मला 'निसर्ग आणि विसावा' असा विषय दिला आहे, आणि वीस मिनिटे दिली आहेत. विषय देण्याचे कारणही त्यांनी सांगून टाकले. तरुण संघाचे डिसेंबरचे शिबिर यंदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एका दिवसाच्या सहलीने संपणार आहे, तेव्हा मुलांना झाडांविषयी, पक्ष्यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात. त्या मी सांगेन. पण वीस वर्षे मी ज्या कामात आहे ते काम झाडांचे नाही, माणसांचे आहे. त्यामुळे भाषण थोडे त्या बाजूला कलले तर सांभाळून घ्या.

मी नगरकडची. आमच्याकडे डोंगर म्हणजे उघडाबोडका, त्यावर चार बाभळी आणि शेळ्या. ईश्वरविज्ञानाची पदविका पुरी करून मी मुंबईत कामाला लागले तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणींनी एका रविवारी उपासनेनंतर नॅशनल पार्कात नेले. फाटकातून आत शिरल्यावर दहा मिनिटांत शहराचा आवाज बंद झाला. मला तर रडूच आले. वनराणीच्या छोट्या गाडीत आम्ही मोठ्या बायका मुलांसारख्या बसलो होतो. त्या दिवसापासून ते रान माझे आवडते आहे, आणि आज मी जे बोलणार आहे ते त्या रानाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हे रान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एका बाजूला बोरिवली, मालाड, गोरेगाव. दुसऱ्या बाजूला भांडुप, मुलुंड, ठाणे. आणि मध्ये हे. त्याच्या पोटात दोन तलाव. विहार १८६० च्या सुमाराचा आणि तुळशी १८७९ चा. दोन्ही मुंबईला पाणी देण्यासाठी बांधलेले, आणि आजही देतात. दहिसर नदी तुळशीकडून निघते, मिठी विहारच्या सांडव्याकडून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. त्या पावसातला जेवढा या डोंगरांनी धरला तेवढा तरी आपल्या घरांत आला नाही. मध्यभागी कान्हेरीची शंभरावर लेणी. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी खडकात खोदलेली पाण्याची टाकी तिथे आजही पावसाळ्यात भरतात. साग, ऐन, पळस, कांडोळ, करवंदीच्या जाळ्या. आणि कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्या वर्षी उतारच्या उतार जांभळे होतात. मुलांनो, कारवीचे नाव लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता एक कबुली. ही गोष्ट मी कुठल्याच सभेत सांगितलेली नाही.

साधारण अठरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा दुसऱ्या एका मंडळीच्या तरुणांना घेऊन या डोंगराच्या कडेला सहलीला गेले होते. पाड्याचे नाव सांगत नाही. मे महिना. चाळीस मुले, दोन बस, एक स्पीकर आणि बिर्याणीची दोन मोठी पातेली. पाड्याच्या तोंडाशी आंब्याची सावली होती, तिथे आम्ही बसलो. गाणी झाली, साक्षी झाल्या, जेवणे झाली. एका घरासमोर निळ्या प्लास्टिकचे दोन पिंप पाण्याने भरलेले होते. मुलांना वाटले, पर्यटकांसाठी सोय असेल. कोणी तोंड धुतले, कोणी हात धुतले, आणि शेवटी दोन मुलांनी मन लावून बिर्याणीची पातेली घासली. मीच त्यांना शाबासकी दिली, कारण घाण मागे ठेवून जायचे नाही असे मीच शिकवले होते.

संध्याकाळी एक आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आली. मोळी खाली ठेवली, पिंपात वाकून पाहिले. दुसऱ्या पिंपातही पाहिले. ती भांडली नाही. मला म्हणाली, "बाई, आता रात्री काय?"

त्या घरचे पाणी एक सून आणि दोन नाती मिळून पाऊण तास चालून आणत असत. पाड्याची बोअर एप्रिलमध्येच कोरडी पडली होती. आणि आम्ही ज्या डोंगरावर उभे होतो त्याच्या पलीकडे विहारचा तलाव होता, ज्याचे पाणी माझ्या वसतिगृहाच्या नळाला येत असे.

मी पुढच्या आठवड्यात एकटी परत गेले. माफी मागायला म्हणून गेले होते, पण आजीने माफीचे बोलणे पुरे होऊच दिले नाही. कोरा चहा दिला आणि विचारले, "तुमचा गाव कुठला? तिथं पाऊस कसा?" आमची ओळख अशी झाली.

शुभवर्तमानात तो प्रसंग आहे ना, मार्काच्या सहाव्या अध्यायात. शिष्य थकलेले आहेत, जेवायलाही सवड नाही. प्रभू त्यांना म्हणतो, चला, एकीकडे रानात जाऊन विसावा घेऊ. ते तारवातून जातात. उतरून पाहतात तर त्या निवांत जागी माणसे आधीच येऊन थांबलेली. हा भाग मी परीक्षेसाठी पाठ केला होता, त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. तरी त्या पाड्यावरून परतताना लोकलमध्ये बसेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते की विसाव्याची जागा रिकामी नव्हती, ही त्या गोष्टीतली अडचण आहे. प्रभूने त्या माणसांना हाकलले नाही. आपली सहल मोडली म्हणून कुरकुरही केली नाही.

ही माणसे कोण? बहुतेक वारली. मल्हार कोळी, कोकणा, कातकरीही आहेत. उद्यानात आणि त्याच्या कडेने नवापाडा, तुमणीपाडा, येऊरकडचा पाटोणापाडा असे अनेक पाडे आहेत; शेजारच्या आरेमध्ये सत्तावीस पाडे सांगतात. काहींची भातशेती होती, थोडी अजून आहे. पहिल्या पावसात बायका शेवळे काढतात, मग टाकळा, कुर्डू, कोळीची भाजी, कंटोळी. शेवळे खाजरी असतात, त्यांत काकडाची आंबट फळे घालावी लागतात, नाहीतर घसा धरतो. बोरिवली-ठाण्याच्या स्टेशनबाहेर पावसाळ्यात जुडी करून विकायला बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. आपल्यापैकी काही जणी त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतात. मीही केलेली आहे.

घराच्या भिंती कारवीच्या. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या, वरून माती-शेणाचा लेप. कूड म्हणतात त्याला. उन्हाळ्यात घर थंड राहते. चार-पाच वर्षांनी काठ्या बदलाव्या लागतात. आता राष्ट्रीय उद्यानातली कारवी तोडणे गुन्हा आहे. सिमेंटची भिंत बांधायला गेले तर पक्के बांधकाम होते, त्यालाही मनाई. मग भिंत कशाची करायची? पाड्यावर जाल तेव्हा पाहा. निळे प्लास्टिक, जुने फ्लेक्स, पत्रा. निवडणुकीच्या फ्लेक्सवरचा हात जोडलेला पुढारी घराच्या आतल्या बाजूला उलटा लटकलेला मी पाहिला आहे.

आणि त्यांच्या रानात वाघोबा आहे. दिवाळीच्या आरंभी आपले शेजारी वसुबारस करतात, त्या दिवशी यांची वाघबारस असते. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, त्याच्यावर चंद्रसूर्य. बिबट्यालाही ते वाघच म्हणतात. तुझ्या वाटेला आम्ही जाणार नाही, आमच्या वाटेला तू येऊ नकोस, असा साधारण तो करार. ख्रिस्ती कार्यकर्तीने हे सांगावे का, असे एका वडीलधाऱ्यांनी मला मागे विचारले होते. मी म्हटले, त्यांच्या श्रद्धेवर मी भाष्य करत नाही. पण वाघाशेजारी शेकडो वर्षे राहून रान आणि वाघ दोन्ही शिल्लक ठेवणारे लोक आहेत, एवढे तरी मला मान्य करावेच लागेल. २००४ साली या भागात बिबट्यांचे हल्ले झाले, तेव्हा शहरात एकच ओरड होती की पिंजरे लावा. पुढे जुन्नरकडे झालेल्या अभ्यासात दिसले की बिबटे पकडून भलत्या ठिकाणी नेऊन सोडले की तिथले हल्ले वाढतात. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता थोडे कायद्याचे. कंटाळू नका, याच ठिकाणी सगळे अडते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात अभयारण्य वेगळे आणि राष्ट्रीय उद्यान वेगळे. अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात ते जवळजवळ संपतात. गुरे चारणेही बंद. जाहीर करण्यापूर्वी आत कोणाचे काय हक्क आहेत याची चौकशी व्हावी, असेही कायद्यातच आहे. पण चौकशी म्हणजे कागद. ज्याच्याकडे कागद आहे त्याचा हक्क दिसतो. ज्याच्याकडे आंब्याचे झाड, विहीर आणि आजोबाची मूठमाती दिलेली जागा आहे, त्याचा दिसत नाही.

मग १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला की उद्यानातली अतिक्रमणे हटवा. एका पर्यावरणवादी संस्थेने याचिका केली होती. मी प्रामाणिकपणे सांगते, त्या याचिकेत तथ्य होते. डोंगराच्या डोंगर झोपड्यांनी भरत होते, आणि त्यामागे प्लॉट पाडून विकणारे दलाल होते, गरीब माणूस शेवटचा होता. तसेच चालू राहते तर आज आपल्या मुलांना सहलीला न्यायला रान उरले नसते. पात्र ठरलेल्या झोपडीधारकांनी पर्यायी घरासाठी ७,००० रुपये भरायचे होते. पुष्कळांना ते जमले नाहीत. पण माझे दुखणे वेगळे आहे. 'अतिक्रमण' हा एकच शब्द सगळ्यांना लागला. काल दलालाकडून जागा घेतलेला आणि उद्यानाची कल्पनाही जन्माला येण्यापूर्वीपासून तिथे असलेला वारली, दोघे एकाच यादीत. आजीने मला विचारले होते, "आम्ही कधी आलो आत? आम्ही तर होतोच. फाटक नंतर आलं."

हे आपल्याकडेच घडले असे नाही. सार्वजनिक उद्यान म्हणून रान राखून ठेवण्याची आधुनिक कल्पना अमेरिकेतून आली, आणि तिची सुरुवात बहुतेक लोक १८७२ च्या यलोस्टोनपासून सांगतात. त्याच्याही आठ वर्षे आधी, १८६४ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली आणि योसेमिटीची दरी कॅलिफोर्निया राज्याला दिली. अट एकच की ती लोकांच्या विहारासाठी कायम मोकळी राहावी. कल्पना उदात्त होती. त्या दरीची देखरेख करणाऱ्या मंडळावर फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचे गृहस्थ होते, न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्यांपैकी एक. त्यांनी १८६५ च्या अहवालात म्हटले होते की सुंदर जागा श्रीमंतांनी आपल्यासाठी राखून ठेवायची आणि कष्टकऱ्याच्या मनाला विसावाच मिळायचा नाही, हे चालणार नाही. सरकारनेच अशी रानें सर्वांसाठी खुली ठेवली पाहिजेत. मला हा माणूस आवडतो. गिरणीत, कारखान्यात, कॉल सेंटरमध्ये दिवस काढणाऱ्या आपल्या माणसांना रविवारची हिरवी सावली मिळते ती अशा विचारांमुळे.

पण त्या दरीत अवानीची लोक राहत होते. ओकच्या फळांचे पीठ त्यांचे अन्न. दरवर्षी थोडे थोडे गवत जाळून ते दरीतली कुरणे मोकळी आणि ओकची झाडे जोमदार ठेवत. पर्यटकांनी पाहून देवाने सजवलेली बाग असे जिचे कौतुक केले, ती निम्मी या लोकांच्या हातची होती. १८५१ साली सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या सशस्त्र पथकाने दरीत घुसून त्यांना बाहेर काढले, घरे आणि साठवलेले धान्य जाळले. तेरा वर्षांनी तीच दरी जनतेला अर्पण झाली. काही कुटुंबे परत आली, हॉटेलांत राबू लागली, टोपल्या विकू लागली. दरीतली त्यांची शेवटची वस्ती उद्यानाने एकेक घर रिकामे होईल तसे पाडत नेली आणि १९६९ साली उरलेली घरेही नाहीशी केली, ती आग विझवण्याच्या सरावासाठी जाळून. अलीकडे २०१८ मध्ये उद्यानाने त्यांच्या वंशजांशी करार केला आणि त्या जुन्या वस्तीच्या जागी त्यांना आपली घरे पुन्हा उभारायला परवानगी दिली. म्हणजे चूक ध्यानात यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

दूरच्या देशाकडे बोट दाखवताना आपल्या घरचेही सांगायला हवे. कोडाईकनाल हे थंड हवेचे ठिकाण अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ साली वसवले. मदुराईच्या उन्हात आणि तापात त्यांची बायका-मुले दगावत होती, म्हणून ते डोंगरावर गेले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण डोंगर म्हणजे आपल्या विसाव्याची जागा, ही सवय आपल्यातही जुनी आहे एवढेच.

आता पुन्हा आपल्या पाड्यावर येऊ. २००६ चा वनहक्क कायदा. आपल्या मंडळींत बऱ्याच जणांचा समज आहे की हा कायदा फक्त गडचिरोली-नंदुरबारसाठी आहे आणि राष्ट्रीय उद्यानाला लागू नाही. तसे नाही. कायद्याने वनजमिनीची जी व्याख्या केली आहे तिच्यात अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानेही स्पष्ट धरलेली आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, म्हणजे प्रत्यक्षात जेवढी ताब्यात आहे तेवढीच, जमीन कसण्याचा आणि राहण्याचा हक्क. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. भगिनी मंडळाने हे ऐकून ठेवावे, आपल्या किती घरांचे सातबारे दोघांच्या नावे आहेत? ही जमीन वारसाने मुलांना जाते, विकता येत नाही. आणि दाव्याची चौकशी पुरी होईपर्यंत त्या कुटुंबाला उठवता येत नाही.

कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात पहिली पायरी ग्रामसभेची. दावा आधी ग्रामसभेत जायचा, तिच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन पाहायचे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पण पाडा महानगरपालिकेच्या हद्दीत. ग्रामपंचायत नाही, मग ग्रामसभा कोणती? या एका प्रश्नावर मी एका कार्यालयात सलग तीन उन्हाळे फेऱ्या घातल्या आहेत. एकाने सांगितले वॉर्डात जा, वॉर्डाने सांगितले आमचा संबंध नाही. प्रत्येक वेळी पाड्यावरचे तीन-चार लोक मजुरी बुडवून माझ्याबरोबर येत. तिसऱ्या वर्षी एक जण म्हणाला, "ताई, तुम्हीच जाऊन या. आम्ही आलो तरी ते तुमच्याशीच बोलतात." ते मला फार लागले, आणि ते खरे होते.

दुसरी पायरी पुराव्याची. जातीचा दाखला काढायचा तर अनुसूचित जमातीच्या माणसाने ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून आपले कुटुंब इथलेच असल्याचे दाखवावे लागते. शाळेत न गेलेल्या आजोबाचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? आम्ही जुन्या शाळांची दप्तरे धुंडाळतो, जन्म-मृत्यूच्या वह्या पाहतो. कधी एखाद्या चुलत आजोबाची नोंद सापडते, ती मोडीत असते, आणि वाचणारा सापडत नाही.

तरीही वनहक्क कायद्याच्या नियमांत एक फार शहाणी गोष्ट आहे. कागद नसेल तर जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान, हाताने लावलेली झाडे हाही पुरावा धरतात. आणि वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा. फक्त तो जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही, दुसऱ्या कोणा ज्येष्ठाचा लागतो. म्हणजे आजीने शेजारच्या घरासाठी सांगायचे आणि शेजारच्या म्हाताऱ्याने आजीसाठी.

मागच्या पावसाळ्यात आम्ही हे काम सुरू केले. शेजारचे बाबा ऐंशीच्या पुढचे होते. स्वच्छ आठवत होते त्यांना. कुठल्या सालचा दुष्काळ, कोणाची म्हैस कुठल्या ओढ्यात वाहून गेली, आजीच्या सासऱ्याने कोणता बांध घातला. पहिल्या दिवशी आम्ही नुसते ऐकत बसलो. म्हटले, पुढच्या मंगळवारी साक्षीदार घेऊन येऊ, नीट लिहून काढू. मंगळवारी माझी एक बैठक निघाली. देणगीदारांची होती, टाळता येण्यासारखी नव्हती असे मला त्या वेळी वाटले. पुढचा मंगळवार पावसाने गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा बाबांना जाऊन चार दिवस झाले होते.

हे मी मन हलके करायला सांगत नाही. त्या पाड्यावर सत्तरीच्या पुढची सहा माणसे होती. आता पाच आहेत. आजीच्या दाव्याला जबाब देऊ शकेल असा त्यांतला एकच म्हातारा आहे, आणि त्याला ऐकू कमी येते.

एक शेवटची गोष्ट, मग शिबिराकडे येते. उद्यानाच्या पोटातून ठाणे ते बोरिवली असा जोडबोगदा होतो आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झाले. मी ठाण्यात राहते, घोडबंदरच्या रस्त्याने दीड-दीड तास जातो, त्यामुळे बोगदा झाला तर मीही त्यातून जाणार, खोटे कशाला बोलू? पण पाड्यावरच्या एका पोराने मला विचारले की डोंगराच्या खालून एवढे मोठे भोक पाडायला परवानगी मिळते, तर आमच्या घराला एक वीट लावायला का नाही? त्याला काय सांगावे हे मला अजून सुचलेले नाही. १ राजे, २१ मधला अहाब राजा मला आठवला. वाड्याला लागून होता म्हणून त्याला नाबोथाचा मळा भाजीसाठी हवा होता. बदल्यात याहून चांगला मळा देतो किंवा पैसे देतो, असे तो म्हणाला. व्यवहार म्हणून वाईट नव्हता. नाबोथ मात्र म्हणाला की हे वाडवडिलांचे वतन आहे.

तर शिबिर. सभा सुरू होण्याआधी एका बंधूंनी मला विचारले, "मग काय, मुलांना न्यायचेच नाही का?" न्या, अवश्य न्या. सोमवारी उद्यान बंद असते, तेवढे तारीख ठरवताना पाहा. सकाळी लवकर जा, शिलोंढ्याच्या वाटेने वनविभागाच्या परवानगीने आणि वाटाड्या घेऊन चाला. पाड्यावरचीच मुले वाटाडे म्हणून काम करतात, त्यांना पक्ष्यांची नावे आपल्या पुस्तकांपेक्षा जास्त येतात. कान्हेरीला टाक्यांतले पाणी पाहा. स्पीकर घरी ठेवा. प्रभूची स्तुती स्पीकरशिवाय होते, आपल्या आजी-आजोबांनी केलेली आहे. पिण्याचे पाणी स्वतःचे घेऊन जा, पुरेल एवढे. याबद्दल मी जरा कठोर आहे, कारण तुम्हाला आता कळलेच.

आणि कोणाच्या अंगणात शिरायचे तर आधी विचारा. पाड्याचे फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. कपडे, खाऊ वाटण्याचा कार्यक्रम नको. मला माहीत आहे, दरवर्षी नाताळात आपण करतो, मनापासून करतो. पण मागच्या वर्षी एका पाड्यावर डिसेंबरमध्ये चार संस्था येऊन गेल्या, चारही ब्लँकेटे घेऊन. बायकांनी ती ब्लँकेटे भिंतीला लावली. कूड नव्हता ना.

त्यापेक्षा मला माणसे हवी आहेत. निवृत्त शिक्षक, तलाठी, कारकून, कोर्टात काम केलेले कोणी. महिन्यातला एक दिवस. सुवाच्य मराठीत जबाब लिहून घेणारे, कार्यालयातला माणूस 'उद्या या' म्हणाला तर उद्या खरेच जाणारे. आणि मोडी वाचणारे. आपल्या मंडळीत जुन्या पिढीत मोडी येणारी माणसे होती, मिशनच्या शाळांत शिकलेली. कोणाचे आजोबा, कोणाच्या मावशी अजून वाचत असतील तर मला आज जेवणाच्या वेळी येऊन सांगा. आमच्याकडे अकरा पानांच्या झेरॉक्स पडून आहेत. त्यांत काय आहे आम्हाला ठाऊक नाही.

येत्या मंगळवारी मी पाड्यावर जाणार आहे. त्या ऐकू कमी येणाऱ्या बाबांचा जबाब घ्यायचा आहे. आजी म्हणाली, मी त्यांच्या कानाशी बसून मोठ्याने सांगीन. मी म्हटले, आजी, तुम्ही सांगायचे नाही, दावा तुमचा आहे. तर ती हसली, म्हणाली, मग तू ओरड. लिहून घ्यायला मला एक आणि साक्षीला दोन, अशी तीन माणसे लागतील. सकाळी साडेसातला ठाणे स्टेशन, पश्चिमेकडे, येऊरच्या बसच्या थांब्यावर. येताना पाण्याची बाटली आणा.